दोन वायरींचं भांडण

अहो, भांडण अर्धवट टाकून माणूस असा उठून जातो का?

तुमचं तेरावं झालं. पाव्हणे आपापल्या गावाला गेले. येणारा प्रत्येक जण माझ्यापुढं बसून एकच म्हणत होता, "लई शांत माणूस. कुणाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई." मी तोंडाला पदर लावून मान हलवत होते आणि मनात म्हणत होते, शांत? ह्या माणसानं सारी नोकरी एसटीत घंटी मारत, लोकांना 'पुढं सरका, पुढं सरका' म्हणत काढली आणि घरात स्वतः कधी एक इंच सरकला नाही. कंडक्टर गाडीत शोभतो हो. घरात नाही.

बोअरच्या शेडमध्ये ते लाकूड कापायचं मशीन तसंच उभं आहे. मधोमध चीर असलेलं लोखंडी टेबल, त्या चिरेतून वर आलेलं गोल पातं, खाली मोटार. आपलं भांडणही तिथंच उभं आहे. तुमचं म्हणणं, पात्याची धार गेली म्हणून कापत नाही. माझं म्हणणं, मोटार उलटी फिरते म्हणून कापत नाही. एवढ्याशा गोष्टीवरून आपण काय काय बोललो, ते कुणाला सांगितलं तर हसतील.

सुनील पुण्याला परत जायच्या आधी म्हणाला, "आई, आता ते मशीन कशाला ठेवायचं? वडवणीचा एक फर्निचरवाला हाय, रविवारी बघायला येतो म्हणलाय. देऊन टाकू." देऊन टाक बाबा. मी काय ते डोक्यावर घेऊन फिरणार आहे का? पण त्याच्या आधी मला एक कळलं पाहिजे. खरं कोण होतं, तुम्ही का मी?

हे मी हट्टानं म्हणत नाही. त्या दिवशी सकाळी तुम्ही "जरा केजला जाऊन येतो" म्हणून निघालात. परत यायच्या वेळेला स्टँडवरच्या बाकावर बसलात ते बसलातच. कशाला गेला होता? नवं पातं आणायला, दुसरं काय असणार! आणि मोटार उलटी फिरत असेल, तर नवं पातं लागतच नव्हतं. म्हणजे न लागणाऱ्या वस्तूपायी तुम्ही उन्हातान्हात गेलात. हे माझ्या डोक्यातून जात नाही. पोळपाटावर भाकरी थापताना हेच, शेळ्यांना पाणी दाखवताना हेच. राग तर इतका येतो, आणि काढायचा कुणावर? तुमच्या फोटोवर? फोटोत तर तुम्ही हसताय.

रिटायर झाल्यावर लोक पारावर बसतात, पोथी ऐकतात, नाहीतर सुनांच्या कामात चुका काढतात. तुम्हाला सुतारकीचं खूळ लागलं. मोबाइलमध्ये कुठला कुठला माणूस फळ्या कापतोय, घासतोय, ठोकतोय, आणि तुम्ही चहा गार होईपर्यंत बघताय. वादळात बांधावरचा निंब पडला, तर तुम्हाला आनंदच झाला. गिरणीवर नेऊन त्याच्या फळ्या पाडून आणल्या. मग हातकरवतीनं पहिला पाट केलात. त्या पाटाचे चारही पाय चार वेगवेगळ्या उंचीचे. नात सुट्टीला आली की त्याच्यावर बसून जेवता जेवता झोके घ्यायची. मी हसले, तर तुम्ही म्हणालात, "हातानं सरळ कापतच न्हाई गं. मशीन पायजे."

आष्टीला एक जण आपलं फर्निचरचं दुकान मोडतोय, असं तुम्हाला कुणीतरी सांगितलं. तयार माल येतो आता, सुताराकडून पलंग कोण करून घेतं? तुम्ही निघालात आणि मलाही चल म्हणालात. धाकले भावजी तिथंच बसले होते. म्हणाले, "मशीन घ्यायला वहिनीला कावून न्यायलास?" तेव्हा तुम्ही चपलेत पाय घालता घालता म्हणालात, "हिला दाखविल्याबिगर मी चप्पल बी घेत न्हाई." हे मी तेव्हा ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आज सांगते, त्या दिवशी एसटीच्या त्या सगळ्या खडखडाटात मी तेच वाक्य मनात घोळवत बसले होते.

आष्टीच्या त्या माणसानं मशीनवरचं पोतं काढलं. टेबलावर गंज होता, पण वजन असं की हलवता हलत नव्हतं. त्यानं बटन दाबलं, सागाची एक फळी पुढं सरकवली, आणि ती फळी लोण्यासारखी दोन झाली. भुसा तुमच्या शर्टावर उडाला. तुम्ही तो झटकला पण नाही. माझ्याकडं बघितलंत आणि त्या परक्या माणसासमोर विचारलंत, "काय म्हंतीस? घेऊ का?"

मी म्हणाले, "घ्या की. कापतंय तर चांगलं."

लक्षात ठेवा, कापतंय म्हणाले होते मी. तिथं ते कापत होतं.

टेम्पोत मशीन चढवलं. तुम्ही मागं मशीनला धरून बसलात, मी पुढं ड्रायव्हरच्या शेजारी. पातं काढून माझ्या जुन्या शालीत गुंडाळून माझ्या मांडीवर दिलं होतंत. तान्हं लेकरू आणावं तसं मी ते घरापर्यंत आणलं. आणि पुढं मशीन कापेना झालं तेव्हा तुम्ही काय म्हणालात? "रस्त्यानं खड्डे किती होते. पात्याला मार बसला आसंल." अहो, पातं माझ्या मांडीवर होतं! मार बसला तो मला बसला, पात्याला कुठून बसणार? पण नाही. तुम्ही एकदा तिकीट फाडलं की फाडलं.

घरी आल्यावर दुसरी तऱ्हा. ओसरीत मशीन उतरवलं आणि तुम्ही त्याची वायर हातात घेऊन पिन शोधायला लागलात. पिन कुठली? नुसती वायरींची टोकं लोंबत होती. त्याला थ्री फेज लागते आणि आपल्या घरात येतो एकच फेज, हे तेव्हा कळलं.

"इचारलं न्हाई का त्याला?" मी म्हणाले.

"त्येनं सांगितलं न्हाई."

"तुमी इचारलं का?"

"त्येनं सांगायला पायजे का न्हाई?"

थ्री फेज आपल्याकडं एकाच ठिकाणी, बोअरच्या पंपाला. म्हणजे मशीन गेलं बोअरच्या शेडमध्ये आणि माझा कडबा आला बाहेर, ताडपत्रीखाली. फारूख वायरमननं एक खटका बसवून दिला. वर केला की पंप, खाली केला की मशीन. त्याच्यातून मशीनपर्यंतच्या वायरीही तोच जोडणार होता, पण त्याला दुसरीकडून फोन आला आणि तो उद्या येतो म्हणाला. तुम्हाला उद्यापर्यंत दम कुठला? "तीन तर वायरी हायत. त्याला वायरमन कावून पायजे?" तुम्हीच जोडल्या. मी शेळ्यांसाठी लावलेल्या घासात उभी राहून बघत होते.

शेतातली लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. दिवसाची लाइट आली की मला घासाला पाणी द्यायचं असायचं आणि तुम्हाला लाकूड कापायचं. मी खटका वर करून बांधावर जाईपर्यंत पाइपाचं पाणी बंद. मागं वळून बघावं, तर तुम्ही शेडच्या दारात चष्मा पुसत उभे. "दोन मिन्टं गं, एकच फळी." तुमची दोन मिनिटं मला लग्नापासून माहीत आहेत.

पण खोटं बोलणार नाही, त्या मशीनची तुम्ही सेवा केलीत. रात्रीच्या लाइटच्या आठवड्यात दिवसा काम नसायचं, तेव्हा तुम्ही रॉकेलचा बोळा घेऊन टेबलावरचा गंज घासत बसायचात. पायांखाली फरशीचे तुकडे सरकवलेत, पाण्याच्या नळीनं चारी कोपरे एका पातळीत आणलेत. एका दुपारी मला हाक मारलीत. मी पिठाच्या हातानं आले, तर म्हणालात, "हात धू आन हितं ठेव." मी हात धुऊन टेबलावर तळवा ठेवला. गार, गुळगुळीत, आरशासारखं. "कसं हाय?" मी म्हणाले, "चांगलं हाय." तुम्ही एवढे खूश झालात की संध्याकाळी राहिलेलं दळण आणायचं काम न सांगता केलंत. असेही होता तुम्ही. हे मी लोकांना सांगत नाही, कारण सांगायला लागले की मला रडू येतं आणि मग राग राहत नाही. आणि मला आत्ता राग पाहिजे.

पहिल्या दिवशी मी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. तुम्ही बटन दाबलंत. आवाज तर आष्टीत होता तसाच. निंबाची फळी पुढं सरकवलीत आणि धूर! फळी थरथरायला लागली, वर उचलायला लागली, तुम्ही दाबून धरलीत, आणि सगळ्या शेडमध्ये करपल्याचा वास. फळी कापली नाही, काळी पडली. तुम्ही म्हणालात, लाकूड ओलं आहे. मग बाभळीची वाळलेली फळी घेतलीत. तीही करपली. मग म्हणालात, धार गेली.

पातं बीडला धार लावायला नेलंत. आणून लावलंत, पुन्हा धूर. पुन्हा नेलंत. त्या धारवाल्यानं तुम्हाला सांगितलं होतं की ह्याला धार आहे, मी कशाची धार लावू? घरी येऊन तुम्ही मला सांगितलंत की त्याला कामातलं काही कळत नाही. शिवाय दर वेळी पात्याचा नट ढिला व्हायचा. तुम्ही पाना घेऊन आवळायचात, मशीन चालू केलं की पुन्हा ढिला.

मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं. आपली डीपी, शिवाराला लाइट देणारी, जळाली होती आणि नवी बसवली, तेव्हा आख्ख्या शिवारातले पंप उलटे फिरायला लागले होते. मोटार चालू, आवाज चालू, आणि पाइपातून पाणी गुळणी टाकल्यासारखं. फारूखनं ह्या मळ्यातून त्या मळ्यात फिरून प्रत्येकाच्या दोन वायरी बदलून दिल्या, तेव्हा पंप सरळ झाले. तुम्ही तेव्हा ड्युटीवर होता, बांधावर मी होते. म्हणून म्हणाले, "आवाज हाय, जोर हाय, पर काम न्हाई. उलटं फिरायलंय ते. नट बी म्हणूनच सुटायलाय. दोन वायरी बदला."

"पाणी आन लाकूड एकच हाय का?"

"मोटार तर एकच जातीची हाय."

"तुला काय कळतंय ह्यातलं?"

बस. ह्याच वाक्यावर गाडी अडली. मला काय कळतंय? पंप कुणी सांभाळला इतकी वर्षं? लाइट कधी येते, फ्यूज कधी उडतो, मोटार कधी गरम होते हे कुणाला कळायचं? तुम्ही तर पहाटेच्या गाडीवर असायचात. मी म्हणाले, "मग बदलून बघायला काय जातंय?" तुम्ही म्हणालात, "तूच बदल की मग." वायरीला हात लावायचा धीर माझ्यात नाही, हे तुम्हाला माहीत होतं. म्हणून तर म्हणालात.

त्यानंतर आपण बोललो नाही. ताट वाढायचे, तुम्ही जेवायचात. पाण्याचा तांब्या सरकवायचे, तुम्ही घ्यायचात. चहात साखर जास्त झाली तरी तुम्ही काही बोलला नाहीत, यावरून मला कळत होतं की राग लई आहे. मी म्हणत होते, बघू कोण आधी बोलतंय ते. आणि मग त्या सकाळी तुम्ही बोललात, "जरा केजला जाऊन येतो." कशाला, असं मी विचारायला पाहिजे होतं, असं आता सगळे जण मनात म्हणत असतील. मी नाही म्हणत. रोज जाणाऱ्या माणसाला रोज काय विचारायचं? तुम्ही संध्याकाळी येणारच होतात.

तर परवा मी फारूखला फोन केला. म्हटलं, रविवारच्या आधी येऊन जा, शेडमध्ये जरा काम आहे. एवढंच म्हणाले, जास्त काही सांगितलं नाही. आज दिवसाची लाइट होती, तो आला. दारात गाडी लावली, माझ्याकडं बघून मान खाली घातली. मी चहा ठेवते म्हणाले, तर "आधी काम करतो काकू" म्हणून सरळ शेडमध्ये गेला. मेन बंद केला. खिशातनं टेस्टर काढला, मशीनच्या बाजूचं झाकण उघडलं आणि एका वायरीचा स्क्रू ढिला करायला लागला.

मी दारात उभी. म्हणाले, "आरं, काय झालंय ते मी आजून सांगितलंच न्हाई तुला."

त्याचा हात थांबला.

"काकू," तो म्हणाला, "काका आलते की माझ्याकडं."

"कवा?"

"त्याच दिवशी. केजला दुकानावर आलते. तितूनच स्टँडकडं गेले."

"पातं आणायला गेलते ना ते?"

"न्हाई. पात्याचं काय बोलले न्हाईत. माझ्याकडंच आलते."

मग तो टेस्टर ह्या हातातून त्या हातात करायला लागला. मी म्हणाले, "काय म्हणले ते सांग." तर म्हणतो, "काकू, त्यांनी कुणाला सांगायचं न्हाई म्हणून शपथ घातलती." मी म्हणाले, "शपथ घालणारा गेला फारूख. आता तू सांग."

मग त्यानं सांगितलं. तुम्ही त्याच्या स्टुलावर बसलात, पाणी प्यालात आणि म्हणालात, "फारूख, मशीन उलटं फिरायलंय बाबा. तुझी काकू म्हणती तेच खरं हाय. येऊन दोन वायरी बदलून जा. पर ती घरी असताना येऊ नको. बाजाराच्या दिवशी ती न्हाई घरी, तवा ये. मी तिला सांगतो, तिसऱ्यांदा धार लावून आणली आन आता कापाय लागलं."

मी तिथंच दाराबाहेरच्या कडब्याच्या पेंढीवर बसले. आधी मला हसू आलं. खरंच आलं. फारूख घाबरला, त्याला वाटलं काकूला काहीतरी झालं. हसता हसता मग जे रडू आलं ते तेराव्यापर्यंत कधी आलं नव्हतं. लोकांसमोर रडले ते वेगळं होतं. तो बिचारा पाणी आणायला घरात पळाला, तर त्याला तांब्याच सापडेना.

म्हणजे तुम्हाला कळलं होतं! आपण बोलत नव्हतो तेव्हा, ताटावर मान खाली घालून तुम्ही जेवत होता तेव्हा, तुम्हाला कळलं होतं. आणि माझ्या घरात, माझ्या पंपाच्या शेडमध्ये, मी बाजारात भाजी विकत असताना चोरासारख्या वायरी बदलून मला वर तोंड करून सांगणार होता की धार लागली! अहो, लाज वाटायला पाहिजे होती. असा कसा माणूस? फारूखसमोर माझं खरं म्हणता येतं आणि माझ्यासमोर म्हणताना जीभ लुळी पडते का?

फारूखनं दोन वायरी बदलल्या. मेन चालू केला, खटका खाली केला, मला म्हणाला, "काकू, लांब उभ्या ऱ्हावा." निंबाची एक फळी त्यानं पुढं सरकवली. धूर नाही, करपल्याचा वास नाही. सरळ कापत गेली. भुसा उडाला, ओला ओला कडवट वास सुटला. फारूख म्हणाला, "बघा काकू, तुमचंच खरं." आणि मी मागं वळले, तुमचं तोंड बघायला. सवयच ती. मागं नुसता दरवाजा.

नवं पातं आणायला गेला नव्हता तुम्ही. एवढं ओझं तर उतरलं. वडवणीचा माणूस रविवारी येईल, मशीन चालवून बघेल, घेऊन जाईल. जाऊ दे. मला मशीन कधी नको होतं आणि आताही नको आहे. माझं खरं निघालं, त्याचंही मला काही करायचं नाही. त्याचं लोणचं घालू का?

तुम्ही त्या दिवशी घरी यायला पाहिजे होतं. पाय धुऊन ताटावर बसायचं होतं. पुढच्या बाजाराला मी गेल्यावर तो चोरटा कारभार करायचा होता आणि भाकरी मोडता मोडता, माझ्याकडं न बघता म्हणायचं होतं, "धार लागली बघ ह्या वेळेला." मी तेव्हाच ओळखलं असतं. आणि खोटं कशाला बोलू, मी गप्प बसले नसते. शेजारच्या मळ्यापर्यंत सांगत सुटले असते, भावजींना फोन लावला असता, सुनीलला लावला असता, आठवडाभर तुम्हाला चिडवलं असतं. तुम्ही तणतणत ताटावरून उठला असता. हारलात ते हारलात, पण घरी येऊन हारायचं होतं हो.